प्लेगचें मूळ आणि पिसूचें पोट

इतिहास लिहिणारे बहुधा राजवाड्यापासून किंवा रणांगणापासून आरंभ करतात. परंतु ज्या संकटांनीं सामान्य कुटुंबांचे संसार धुळीस मिळविले त्यांचा इतिहास लिहावयाचा, तर कधीं कधीं अगदींच निराळ्या ठिकाणीं डोकावावें लागतें. १८९६ सालीं मुंबईंत उद्भवून पुढें वीसपंचवीस वर्षें महाराष्ट्रास छळणाऱ्या प्लेगची कथा अशांपैकींच एक होय. या साथीसंबंधीं आपल्याकडे जें लिहिलें गेलें त्यांत रँडसाहेबाचा अंमल, चाफेकर बंधूंचें कृत्य व टिळकांवरील खटला हीं प्रकरणें ठळक आहेत, आणि तीं तशीं असणें योग्यच आहे. पण सरकारी उपाय इतके कठोर असूनहि फुकट कां गेले, आणि अडाणी म्हणून हिणवलेल्या खेडुतांनीं आपण होऊन केलेला उपाय अधिक गुणकारी कां ठरला, या प्रश्नाचें उत्तर राजकीय इतिहासांत सांपडत नाहीं. त्यासाठीं उंदराच्या अंगावरील पिसूच्या जठरांत काय घडतें तें पाहावें लागतें. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याचाच मागोवा घेणार आहों.

हा विषय मुंबई-पुण्यापुरता आहे असें मात्र कोणीं समजूं नये. खानदेशाच्या पूर्वेस चांगदेव येथें तापी व पूर्णा यांचा संगम आहे. त्याच्या आसमंतांतच मुक्ताबाईच्या समाधिस्थानामुळें वारकऱ्यांस परिचित असलेलें गांव, पूर्वीचें एदलाबाद व आजचें मुक्ताईनगर, वसलें आहे. एका अंगास भुसावळचें जंक्शन, दुसऱ्या अंगास बऱ्हाणपूर, आणि भोंवतीं कपाशीची काळी जमीन, अशी या मुलखाची मांडणी. येथील जुनीं घरें धाब्याचीं, भिंती मातीच्या, घरांत ज्वारीच्या कणग्या, ओसरीवर कापूस व सरकी. उंदरास याहून सोयीचें बिऱ्हाड कोणतें मिळणार? त्यांत आगगाडीनें मुंबईचा माल खानदेशांत व खानदेशचा कापूस मुंबईस जाऊं लागलेला. मालाच्या पोत्यांतून व गासड्यांतून उंदीर आणि त्यांच्या पिसवा विनातिकीट प्रवास करीत, आणि स्टेशनावर ज्यांची तपासणी होई ते उतारू मात्र बहुधा निर्दोष असत. प्लेग खानदेशांत आला व अनेक वर्षें येत राहिला. जळगांवच्या बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेनें घरोघर पोंचलेल्या संसाराच्या सुखदुःखांतहि त्याचा घाव आहे: त्यांचा मुलगा ओंकार यास प्लेगनें कायमचें अपंगत्व आलें. ज्यांची नांवें कोणत्याहि ग्रंथांत नाहींत अशीं किती घरें या तापीकांठीं बसलीं असतील याची कल्पनाच केलेली बरी.

साथीचा आरंभ थोडक्यांत सांगतों. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यानें पहिले रोगी ओळखले. रोगाचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँग येथें येर्सिन यानें शोधून काढला होता. म्हणजे शत्रु कोण हें ठाऊक होतें. तो घरांत कोणत्या दारानें शिरतो तें मात्र ठाऊक नव्हतें. रोग घाणीपासून, दूषित हवेपासून, जमिनींतून, अन्नांतून अथवा रोग्याच्या स्पर्शानें होतो, अशीं नाना मतें होतीं. आणि उपायहि त्या मतांस अनुसरून झाले. १८९७ च्या ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. घरांच्या झडत्या, रोग्यांस ओढून इस्पितळांत नेणें, त्यांच्या माणसांस छावणींत कोंडणें, कौलें काढून घरांत उजेड पाडणें, भिंतींस चुना फांसणें, जमिनीवर कार्बोलिकचें पाणी ओतणें, अंथरुणें-पांघरुणें जाळणें, असा सपाटा चालला. पुण्यांत हें काम गोऱ्या शिपायांकडे सोंपविल्यामुळें लोकांच्या मनांत जो संताप साठला, त्याची परिणति त्याच वर्षीं २२ जूनच्या रात्रीं झाली, हें सर्वश्रुत आहे. त्याच वर्षाच्या मार्चमध्यें सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें निवर्तल्या. एवढा खटाटोप होऊनहि साथ हटली नाहीं. १९०७ या एका सालांत हिंदुस्थानांत बारा-तेरा लाख माणसें प्लेगनें मेलीं, आणि १८९६ पासून १९१८ पर्यंतची एकूण संख्या एक कोटीच्या वर जाते.

खेड्यांतील लोकांचा उपाय याहून साधा होता. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडावयाचें, शेतांत अथवा माळावर झोंपड्या घालून राहावयाचें, आणि साथ ओसरल्यावर परतावयाचें. उंदीर पडणें ही मरणाची आगाऊ वर्दी आहे, हें म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं अनुभवानें हेरलें होतें. वर्दी आणणारा आणि मरण आणणारा यांच्यामधला दुवा कोणता तें त्यांस सांगतां आलें नसतें. परंतु तो त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांसहि सांगतां येत नव्हता.

हा दुवा प्रथम दाखविणाऱ्याचें नांव पॉल-लुई सिमाँ. हा फ्रेंच डॉक्टर येर्सिनची लस रोग्यांस टोंचण्याच्या कामीं १८९७ सालीं मुंबईस आला. कित्येक रोग्यांच्या अंगावर, गांठ येण्यापूर्वीं, एक बारीकसा फोड दिसतो व त्यांत प्लेगचे जंतु असतात, हें त्याच्या ध्यानांत आलें. हा फोड म्हणजे एखाद्या कीटकाच्या दंशाची जागा तर नसेल? २ जून १८९८ रोजीं कराची येथें त्यानें आपला प्रसिद्ध प्रयोग केला. पिसवांनीं भरलेला एक रोगी उंदीर त्यानें कांचेच्या मोठ्या बरणींत ठेवला, आणि जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर घालून तो पिंजरा आंत असा टांगला कीं दोघांचा स्पर्श होऊं नये. रोगी उंदीर मेला. त्याचें अंग थंड पडतांच पिसवा त्यास सोडून वरच्या उंदराकडे गेल्या. आणि थोड्याच दिवसांत तोहि प्लेगनें मेला. रोगी उंदरांवरील पिसवांच्या पोटांत प्लेगचे जंतु सिमाँनें सूक्ष्मदर्शकांतून पाहिले होते. एवढा धडधडीत पुरावा असूनहि सरकारनें नेमलेल्या, एडिंबरोच्या प्रोफेसर फ्रेझर यांच्या कमिशननें हें मत विचारांत घेण्याच्याहि लायकीचें नाहीं असें ठरविलें. शास्त्राच्या इतिहासांत चुका होतातच. पण या चुकीचें व्याज हिंदुस्थानांतल्या रयतेनें भरलें.

सिमाँच्या मतास पुन्हां उजाळा मिळाला तो मुंबईंत, ग्लेन लिस्टन या अधिकाऱ्याच्या चिकाटीमुळें. १९०३ च्या एप्रिलांत मुंबईच्या एका चाळींत उंदीर पटापट मरूं लागले. मग एकाएकीं उंदीर मरण्याचें थांबलें, आणि खोल्यांत पिसवांचा इतका सुळसुळाट झाला कीं लोक व्हरांड्यांत निजूं लागले. आठवड्याच्या आंत तेथें माणसांस प्लेग झाला. लिस्टननें रहिवाशांच्या अंगावर सांपडलेल्या ३० पिसवा तपासल्या, तेव्हां त्यांपैकीं १४ उंदरांवरच्या जातीच्या निघाल्या. एरवीं माणसांच्या अंगावर ही जात क्वचित् सांपडते. यावेळीं मात्र घरधनी मेल्यामुळें उपाशी पडलेल्या पिसवा नव्या यजमानाकडे वळल्या होत्या. गांवोगांवच्या म्हाताऱ्यांनीं पाहिलेला उंदीर आणि माणूस यांमधला आठ-दहा दिवसांचा अवकाश हा असा भरून निघाला.

१९०५ सालीं नव्या प्लेग कमिशनचें काम परळ येथें सुरू झालें. परळची ही प्रयोगशाळा म्हणजे जुनें गव्हर्नमेंट हाउस. हाफकिन यांनीं १८९७ मध्यें मुंबईंत सिद्ध केलेली प्लेगची लस पुढें येथेंच तयार होऊं लागली, आणि १९२५ पासून ही संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. कमिशननें आवारांत लहान लहान कोठड्या बांधून गिनीपिग या प्राण्यांवर प्रयोग केले. प्लेगनें मेलेल्या प्राण्यांच्या पिसवा असलेल्या कोठडींत एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर व दुसरा दोन फुटांवर टांगला, तर खालच्या पिंजऱ्यांतला प्राणी प्लेगनें मरे व वरचा वांचे. दूषित हवा दोन फूट वर चढूं शकते. पिसूची उडी मात्र तेथवर पोंचत नाहीं. आणखी एक प्रयोग तर आपल्या घरांशीं थेट संबंध असलेला आहे. शेणानें सारवलेल्या जमिनीवर प्लेगचे जंतु मुद्दाम पसरले असतां ती जमीन ४८ तासांनंतर रोगकारक राहत नाहीं, व चुनेगच्ची जमीन २४ तासांनंतर राहत नाहीं, असें आढळलें. ज्या सारवलेल्या जमिनींवर मणावारी कार्बोलिक ओतलें गेलें, त्या जमिनींचा गुन्हा एवढाच! १९०८ पर्यंत निष्कर्ष स्पष्ट झाला होता: गांठीचा प्लेग माणसास होतो तो उंदरापासून, आणि तो आणणारी पिसूच होय.

आतां पिसूच्या पोटांत शिरूं. उंदरावरील या पिसूच्या जठरांत सरासरीनें अर्धा घनमिलिमीटर रक्त मावतें, असें परळच्या संशोधकांनीं मोजलें. मरणोन्मुख उंदराच्या रक्तांत जंतूंची एवढी दाटी असते कीं या इवल्याशा घोटाबरोबर पांच हजारांपर्यंत जंतु आंत जाऊं शकतात. ते तेथें नुसते जगत नाहींत, तर वाढतात. मात्र कमिशनला आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. थंडीच्या व साथीच्या दिवसांत पिसू पंधरा दिवसांपर्यंत रोग देऊं शके. उन्हाळ्यांत सातएक दिवसांपलीकडे तिच्यांत तें सामर्थ्य उरत नसे. फॅरनहाइटच्या ऐंशीपंचाऐंशी अंशांच्या वर उष्णमान गेलें कीं तिच्या जठरांतून जंतु लवकर नाहींसे होत. वैशाखाच्या उन्हांत खानदेशासारख्या तापलेल्या प्रदेशांत साथ कां ओसरते व हवा निवल्यावर पुन्हां डोकें कां वर काढते, याचें मर्म येथें हातीं लागलें. परंतु उष्णमानाचा आणि जठराचा हा संबंध कोणत्या मार्गानें जडतो, हें कळावयास आणखी पाऊणशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

मधला टप्पा आर्थर बेकॉट याचा. हा गृहस्थ पुष्कळ वर्षें लंडनांत कारकुनी करीत होता व फावल्या वेळीं कीटकांचा अभ्यास करी. १९१४ सालीं त्यानें व चार्ल्स मार्टिन यानें मिळून असें दाखविलें कीं, कांहीं पिसवांच्या पोटांत जंतु वाढतां वाढतां त्यांचा एक चिकट गोळा होतो व तो जठराच्या तोंडाशीं, जेथें आंतून कांटे असलेली एक झडप आहे तेथें, बुचासारखा बसतो. अशा पिसूस भूक लागते, ती चावते, रक्त ओढते. परंतु बूच बसल्यामुळें रक्त खालीं उतरत नाहीं. तें घशांतच तुंबतें आणि जंतूंसह उलट दंशाच्या जखमेंत परततें. पोट रिकामें तें रिकामेंच. म्हणून ती पुन्हां पुन्हां चावते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि शेवटीं रक्तानें ओथंबलेल्या घशानें उपाशी मरते. पुराणांतल्या एखाद्या शापाची आठवण व्हावी अशीच ही अवस्था आहे. स्वतः बेकॉट १९२२ सालीं कैरो येथें उवांपासून होणाऱ्या टायफस ज्वराचा शोध करतांना त्याच ज्वरानें मरण पावला.

हा गोळा कशाचा? प्रथम वाटलें कीं गोठलेल्या रक्ताचा. १९७१ सालीं असेंहि सुचविण्यांत आलें कीं जंतूंतील रक्त गोठविणारें द्रव्य थंडींत काम करतें व उष्णतेंत उलट गांठ विरघळवितें, म्हणून उन्हाळ्यांत बूच बसत नाहीं. हें स्पष्टीकरण सुरेख होतें, परंतु टिकलें नाहीं. १९९६ सालीं अमेरिकेंत हिन्नेबुश व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं बूच बसण्यास जंतूंतील एक विशिष्ट जनुकसमूह अवश्य आहे. तो काढून टाकलेले जंतु पिसूच्या पोटांत जगतात, पण गोळा बनवीत नाहींत. हा समूह साखरेच्या जातीच्या रेणूंची एक चिकट साखळी विणतो व तींत सारे जंतु एकमेकांस बिलगून राहतात. आणि ही विणकर विद्या उष्णमानावर अवलंबून आहे: साधारण २१ सेंटिग्रेडला ती जोरांत चालते, माणसाच्या अंगांतील ३७ अंशांवर जवळजवळ बंद पडते. पिसूला स्वतःची ऊब नाहीं. भोंवतालची हवा जशी, तसें तिचें पोट. म्हणजे जंतु उष्णमानावरून ओळखतो कीं आपण माणसाच्या अंगांत आहों कीं पिसूच्या, आणि त्याप्रमाणें वागतो. परळच्या कोष्टकांतले ऐंशी अंश हे असे नव्वद वर्षांनीं बोलके झाले.

परंतु बूच बसण्याआधीं जंतूला तेथें तगून राहावें लागतें, आणि ही गोष्ट सोपी नाहीं. रक्त हें पौष्टिक अन्न खरें, पण पचनीं पडतांना तें विषारीहि होतें. पिसूनें रक्त प्यालें कीं थोड्याच तासांत तांबड्या पेशी फुटतात, प्रथिनांचे तुकडे होतात, आणि जठरांत एक दाट तपकिरी रस्सा तयार होतो. या पचनांतून निघणाऱ्या कांहीं द्रव्यांनीं जंतूचें कवच फाटतें. २००२ सालीं असें सिद्ध झालें कीं प्लेगच्या जंतूजवळ एक विशेष पाचकद्रव्य असून त्याच्या आधारानें तो या माऱ्यांतून निभावतो; तें नसलेले जंतु पिसूच्या पोटांत एक-दोन दिवसांतच मरतात. मौज अशी कीं, यूरोप व आशिया या खंडांतील सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींच्या थडग्यांतून मिळालेल्या प्लेगच्या जंतूंत या द्रव्याचें जनुक नव्हतें. रशियांतील समारा भागांत सांपडलेल्या सुमारें तीन हजार आठशें वर्षांपूर्वींच्या जंतूंत तें आहे. मधल्या काळांत केव्हां तरी या जंतूनें तें संपादन केलें, आणि पिसूचें पोट त्याला खुलें झालें. चौदाव्या शतकांतील यूरोपचा काळा मृत्यु काय किंवा आमच्याकडील माळावरच्या झोंपड्या काय, दोहोंची वाट या एका संपादनांतून गेली आहे.

प्लेगचा जंतु सूक्ष्म वनस्पतिवर्गाजवळचा समजत, आणि हिंवताप व काळा आजार हे आदिजीवांपासून होतात. तरीहि रक्तपित्या कीटकांच्या पोटाचा न्याय सर्वत्र सारखाच दिसतो. पुण्यांत झडत्या चालू होत्या त्याच १८९७ सालीं, २० ऑगस्टला, सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यानें डांसाच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाचा परोपजीवी जीव पाहिला. हा जीव माणसाच्या रक्तांत असतांना ज्या विकासाच्या पायरीवर अडून राहतो, ती पायरी डांसाच्या पोटांत गेल्यावर कांहीं मिनिटांत ओलांडतो. कारण तेथें उष्णमान उतरतें आणि डांसाच्या देहांतील झँथुरेनिक नांवाचें आम्ल त्यास भेटतें. या आम्लाचें कार्य १९९८ सालीं उघडकीस आलें. काळ्या आजाराची वाळूमाशी तर प्लेगच्या पिसूची बहीणच शोभते. १९४२ सालीं आसामांत स्वामीनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनीं माशांस रोग्याचें रक्त पाजून नंतर मनुकांवर पोसलें, तेव्हां परोपजीवी भरपूर वाढून त्यांचा दट्ट्या घशाशीं बसला, आणि त्या माशांच्या दंशानें काळा आजार निरोगी माणसांस जडतो हें सिद्ध झालें. ज्या गोड रसानें माशी जगते, त्याच रसानें तिच्या पोटांतला वैरीहि पोसला जातो.

या ज्ञानाच्या उजेडांत गांव सोडणाऱ्या खेडुतांकडे पुन्हां पाहूं. उंदीर पडतांच ते निघत, म्हणजे उपाशी पिसवा माणसाकडे वळण्यापूर्वीं त्यांच्या उडीच्या टप्प्यांतून ते बाहेर पडत. उघड्या माळावर कणग्या नाहींत, धाब्याच्या फटी नाहींत, म्हणून घरउंदीरहि नाहींत. मागें रिकाम्या घरांत पिसवा भुकेनें मरून जात. जे आपलीं अंथरुणें न झटकतां बरोबर नेत त्यांच्यासोबत पिसवाहि जात, आणि जे उतावीळपणें लवकर परतत त्यांस त्याची किंमत द्यावी लागे. तेव्हां हा उपाय निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. कडक उन्हांत कपडे पसरल्यास पिसवा मरतात, आणि खानदेशांत उन्हाची वाण कधींच नव्हती. एवढी एक गोष्ट गांवोगांव समजावून सांगितली असती तरी पुष्कळ प्राण वांचले असते. कमिशनच्या निष्कर्षांनंतर सरकारनेंहि उंदीर मारणें व गांव सोडण्यास साहाय्य करणें यांवर भर दिला. परंतु पहिल्या दहा वर्षांत जो अविश्वास पेरला गेला त्यामुळें लस टोंचणाऱ्यासहि लोक शत्रु समजूं लागले होते.

हें सर्व जुनें झालें असें वाटत असतांना, जवळजवळ पाव शतकाच्या स्वस्थतेनंतर, १९९४ सालीं प्लेगनें आपल्याकडे पुन्हां तोंड दाखविलें. आदल्या वर्षींच्या ३० सप्टेंबरला लातूर-उस्मानाबाद भागांत भूकंप झाला होता. १९९४ च्या ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीचे रोगी आढळले, आणि सप्टेंबरांत तापीच्या मुखाशीं असलेल्या सुरतेंत फुफ्फुसांच्या प्लेगची साथ उठली. सुरतेच्या कापड धंद्यांत खानदेशचीं हजारों माणसें पोट भरतात. भीतीनें लाखों लोक शहर सोडून निघाले, आणि त्यांत तापीच्या वरच्या अंगास, आपल्या गांवांकडे, परतणारीं हीं कुटुंबेंहि होतीं. या वेळीं गांव सोडणें हा उपाय नव्हता, अपाय होता. फुफ्फुसांचा प्लेग माणसाच्या श्वासोच्छ्वासानें माणसास होतो; त्यांत पिसूच्या बुचाचा संबंध उरत नाहीं. सुदैवानें टेट्रासायक्लिनसारखीं औषधें हाताशीं होतीं, आणि देशांतील मृत्यूंची संख्या पन्नाससाठाच्या घरांत राहिली. एकाच रोगाच्या दोन वाटा असतात व एका वाटेवरचें शहाणपण दुसरीवर मूर्खपणा ठरूं शकतें, हा धडा त्या घटनेंत आहे.

रोगास तोंड देतांना नुसता अनुभवहि पुरत नाहीं आणि नुसती सत्ताहि पुरत नाहीं, असें या साऱ्या इतिहासावरून आम्हांस वाटतें. खेडुतांजवळ अनुभव होता, पण त्याचें कारण ठाऊक नसल्यामुळें तो कोठें लागू पडतो व कोठें पडत नाहीं हें त्यांस सांगतां येत नव्हतें. सरकारजवळ सत्ता होती, पण कारण ठाऊक नसल्यामुळें ती उंदरापिसवांवर न चालतां माणसांवर चालली. दोघांमधली उणीव भरून काढणारें ज्ञान एका अर्ध्या घनमिलिमीटरच्या जठरांत पडून होतें, आणि सिमाँनें तें दाखविल्यावरहि तें पाहण्याची बुद्धि होण्यास सात वर्षें लागलीं. त्या सात वर्षांत जीं घरें बसलीं त्यांचा हिशेब कोणत्याहि कमिशननें मांडलेला नाहीं. आज साथीच्या दिवसांत शेजाऱ्याचें घर बंद करावयास निघण्यापूर्वीं रोग कोणत्या दारानें येतो हें विचारण्याची संवय आपणांस लागली, तर तो हिशेब कांहीं अंशीं तरी फेडल्यासारखें होईल.